चेंडू खाली टेकता कामा नये

हरणाऱ्या संघाला लोक हसतात, पण हसायलासुद्धा आधी सामना पाहायला यावं लागतं. मास्तरांच्या मुलींचा बास्केटबॉल पाहायला कोणी येत नसे. शाळेच्या हॉलमध्ये भिंतीला लागून असलेल्या लांब बाकावर मास्तरांची बायको बसायची आणि दाराशी किल्ल्यांचा जुडगा घेऊन शिपाईकाका. त्यातले काका खेळाकडे नाही, घड्याळाकडे बघायचे.

मोसमात सामने नऊ. पहिले तीन हरल्यावर मोठ्या बाईंनी मास्तरांना आपल्या खोलीत बोलावलं. बाई वाईट नव्हत्या, फक्त त्यांच्याकडे वर्ग कमी होते आणि मुलं जास्त.

"मास्तर, या मोसमात एक तरी सामना जिंकून दाखवा," त्या म्हणाल्या. "एक जिंकलात तर मी समितीपुढे तुमच्यासाठी भांडेन. नाहीतर हॉलचे चार वर्ग होणार आणि संघ बंद. शून्य घेऊन मी कशी भांडू?"

समितीला दम कुठला! दुसऱ्याच दिवशी दोन माणसं टेप घेऊन आली आणि भिंती कुठे उभ्या राहणार त्याच्या पांढऱ्या रेघा हॉलभर मारून गेली. एक रेघ तर बरोबर बास्केटखालून गेली होती. काकांनी ती दोनदा पुसली, पण रंग खडूचा नव्हता.

मास्तरांना दुसरं काही येत नव्हतं, हे सांगून टाकलेलं बरं. इतिहासाच्या तासाला ते स्वतःच पेंगायचे. मात्र संध्याकाळी चार वाजता शिट्टी गळ्यात अडकवली की हाच माणूस जागा व्हायचा. हा संघ त्यांनी सात वर्षांपूर्वी उभा केला होता. संघ गेला तर चार वाजल्यानंतर आपण नक्की कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

रेघा मारल्या त्या रात्री जेवताना त्यांनी बायकोला आपला बेत सांगितला. तिचं शिवणकामाचं दुकान होतं. मुलींच्या बनियनवरचे आकडे तिनंच शिवले होते, त्यामुळे संघावर तिचाही हक्क होता.

"एक खांब सोडली तर आपल्या पोरी बुटक्या. समोरचा बचाव एकदा जागेवर उभा राहिला की संपलं. म्हणून तो उभा राहायच्या आतच हल्ला करायचा. त्यांचा नेम चुकला की खांबानं चेंडू पकडायचा, कडेला उभ्या वकिलाकडे फेकायचा, तिनं पुढे पळणाऱ्या चिमणीकडे. पाच म्हणायच्या आत चेंडू बास्केटमध्ये." हे बोलता बोलता त्यांनी मिठाची बरणी कडेला ठेवली, चमचा पुढे पळवला आणि पाण्याचा पेला सांडला.

"हा कोण सांडला?" बायकोनं विचारलं.

"टप्पा. तोच तर घोळ आहे! पोरी चेंडू हातात आला की जागच्या जागी टप टप टप्पे मारत बसतात. तोवर समोरच्या सगळ्या जणी मागे पोचून, केस सारखे करून उभ्या असतात. माणूस पळतो त्यापेक्षा फेकलेला चेंडू लवकर पोचतो. उद्यापासून टप्पा बंद."

"म्हणजे अजिबात?"

"अजिबात. चेंडू खाली टेकता कामा नये."

खांब, वकील आणि चिमणी ही नावं मुलींनीच एकमेकींना दिलेली. खांब वर्गात सगळ्यांत उंच, आणि उंच असल्याचा उपयोग होतो हे तिला या हॉलमध्येच पहिल्यांदा कळलेलं. वकील प्रत्येक शिट्टीवर हुज्जत घालायची. चिमणी लहानखुरी आणि वाऱ्यासारखी. बोलायची इतकं कमी की सुरुवातीचा महिनाभर मास्तरांना तिचा आवाज माहीत नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर हॉलच्या मधोमध उभे राहून मोठ्यानं आकडे म्हणू लागले. एक, दोन, तीन. पाचाच्या आत चेंडू तीन हातांतून जाऊन बास्केटमध्ये पडला पाहिजे. आणि मध्ये कुठेही तो जमिनीला टेकला, तर जिच्या हातून टेकला ती एकटी नाही, सगळ्यांनी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दहा फेऱ्या. मास्तरांना वाटलं, एकीच्या चुकीची शिक्षा सगळ्यांना झाली की एकमेकींना सांभाळायला शिकतील.

आणखी दोन सामने हरल्यावर एक दिवस वकिलानं हात वर केला.

"सर, समजा समोर कोणीच नाही. अख्खं मैदान मोकळं, आणि आपली एकच मुलगी पुढे. मग तरी टप्पा मारायचा की नाही?"

"आपण पाच सामने हरलोय," मास्तर म्हणाले. "समोर कोणीच नाही, अशी वेळ आपल्यावर कोण येऊ देतंय?"

मुली खदखदून हसल्या. मास्तरही हसले. विनोद चांगला साधला म्हणून त्यांनी तो घरी जाऊन बायकोलाही सांगितला. ती हसली नाही.

मग तो मंगळवार आला. सहावा सामना तोंडावर आलेला. चिमणीच्या हातात चेंडू आला, पुढे मोकळी जागा दिसली आणि जुन्या सवयीनं तिनं एक टप्पा मारला. एकच. मास्तरांनी शिट्टी फुंकली. त्या दिवशी आधीच वीस फेऱ्या झाल्या होत्या, हे त्यांच्या लक्षात होतं. तरी त्यांनी दहा सांगितल्या. सातव्या फेरीत खांब भिंतीशी वाकली आणि भडभडून ओकली. काकांनी बादली आणली. चिमणी खाली बसून फडक्यानं फरशी पुसत होती, खांब "राहू दे गं, काही नाही" म्हणत होती आणि मास्तर हातातल्या वहीत उगीचच काहीतरी लिहीत होते.

"अहो, पोरी आहेत त्या," बायको त्या संध्याकाळी म्हणाली. "मशीनला तेल लागतं, तुम्ही पोरींना पाणीसुद्धा प्यायला देत नाही."

"संघच राहिला नाही तर पाणी कोणाला देऊ?" मास्तर तिच्यावर खेकसले. तिनं सुईत दोरा ओवला आणि विषय संपला.

खरं सांगायचं तर नियमाला फळ आलं होतं. पहिले सामने तीस-तीस गुणांनी हरणारा संघ सहावा सामना अठरानं हरला. सातवा नऊनं. आठवा चारनं. त्या मंगळवारानंतर चिमणीच्या हातून चेंडू एकदाही जमिनीला टेकला नाही, आणि मास्तरांनी हे सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. "चिमणीकडे बघा जरा!" चिमणी आपल्या बुटांकडे बघत होती.

नववा सामना. आपल्याच हॉलमध्ये, शनिवारी दुपारी. या वेळी बाकावर मोठ्या बाईही येऊन बसल्या, मांडीवर कसलीशी फाईल. मास्तरांनी देवाला काही मागितलं नाही, कारण देवानं आठ वेळा काय केलं ते त्यांनी पाहिलं होतं.

मुली मात्र अशा खेळल्या की मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. खांब चेंडू पकडायची, तोंड फिरवायच्या आत तो कडेला वकिलाच्या हातात, तिथून सुसाट पुढे. समोरच्या संघाची धिप्पाड मुलगी धावून धावून लालबुंद झाली. पहिल्या सत्रात सहा गुणांची आघाडी! काकांनी घड्याळाकडे बघणं सोडलं. मग पाय थकले, आघाडी विरघळत गेली, आणि शेवटची दहा सेकंदं उरली तेव्हा पाटीवर समोरचे एका गुणानं पुढे होते आणि चेंडूही त्यांच्याकडे होता.

मास्तर रेषेवर उभे होते. एक गुण. सात वर्षं आणि एक गुण. ते मनात म्हणत होते, चुका, एकदा चुका, माझ्या पोरींसाठी एकदा चुका.

आणि त्या चुकल्या. त्या धिप्पाड मुलीनं फेकलेला चेंडू बास्केटच्या कड्यावर आपटला, वर उडाला, आणि त्याच्याखाली सगळ्यांच्या डोक्यांवरून खांबाचे लांब हात आले. पकडला! खांबानं कडेला फेकला आणि त्याच झटक्यात ती आडवी पडली. वकिलानं घेतला. तिच्यावर दोघी तुटून पडल्या, पण त्याआधी तिनं जीव खाऊन तो पुढे भिरकावला.

पुढे चिमणी होती. ती सगळ्यांच्या आधीच निघाली होती, शिकवल्याप्रमाणे, मागे न बघता. मधल्या रेषेच्या पलीकडे तिनं चेंडू झेलला. सहा सेकंदं. समोर कोणी नाही. अख्खं मैदान मोकळं, बास्केट आणि ती.

चिमणी थांबली.

तिनं चेंडू छातीशी धरला आणि मागे वळून पाहिलं. फेकायला माणूस हवा होता. खांब जमिनीवर पडलेली, वकील दोघींमध्ये अडकलेली, बाकीच्या दोघी अजून पार तिकडे. चिमणीची नजर एकीवरून दुसरीवर फिरत होती.

"टप्पा!" मास्तर ओरडले. "टप्पा मार! मार आणि पळ!"

तिनं त्यांच्याकडे बघितलं. मास्तरांना ते बघणं जन्मभर विसरता येणार नाही. त्यात हट्ट नव्हता, भीतीही फारशी नव्हती. तुम्ही हे खरंच म्हणताय का, एवढंच त्यात होतं. मागून पावलं वाजत आली. मग तिनं चेंडू आणखी घट्ट कवटाळला, मूल उचलून धावावं तशी, आणि बास्केटकडे धावत सुटली. तीन पावलं, चार, पाच.

पंचांची शिट्टी वाजली. टप्पा न मारता चेंडू घेऊन पळता येत नाही. चेंडू समोरच्यांना मिळाला, त्यांनी तो हातात धरून ठेवला, आणि वेळ संपली.

मोठ्या बाई उठल्या. मास्तरांपाशी आल्या. "छान खेळल्या मुली," त्या म्हणाल्या, आणि पुढचं बोलायला न लागावं म्हणून लगेच निघून गेल्या. समोरचा संघ ओरडत बाहेर पडला. मुली कपडे बदलायच्या खोलीत गेल्या, आतून कोणाच्या तरी रडण्याचा आवाज येत होता, बहुतेक वकिलाचा.

चिमणी गेली नव्हती. बास्केटखालच्या त्या पांढऱ्या रेघेवर ती बसली होती, चेंडू अजून पोटाशी.

मास्तर तिच्याकडे गेले ते संतापून गेले, हे लपवण्यात अर्थ नाही. त्यांचं सगळं गेलं होतं आणि कोणावर तरी ते काढायचं होतं.

"मी ओरडत होतो ना? ऐकू आलं होतं ना तुला? मग टप्पा का नाही मारलास?"

"आलं होतं, सर."

"मग?"

तिनं मान वर केली. "टेकला असता तर सगळ्यांना पळावं लागलं असतं. खांब तर पडलीच होती सर. त्या दिवशी माझ्यामुळेच तिला उलटी झाली."

मास्तर तिथेच उभे राहिले. वकिलाचा प्रश्न त्यांना आठवला, आणि त्यावर आपण हसलो होतो तेही.

त्यांनी हात पुढे केला. चिमणीनं चेंडू दिला. मास्तरांनी तो दोन्ही हातांनी उचलून जमिनीवर आपटला, रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमला, आणि उसळून आलेला चेंडू त्यांनी तिच्या हातात परत दिला. मग शिट्टी गळ्यातून काढून बाकावर ठेवली आणि भिंतीकडे धावायला लागले.

छपन्न वर्षांचा माणूस, पायात इतिहास शिकवायचे बूट. पहिली फेरी बरी गेली. तिसरीला त्यांच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. कपडे बदलून आलेल्या मुली दारातच थबकल्या. पाचवीला बायको उभी राहिली.

"अहो, पुरे. हे काय चाललंय?"

"दहा," मास्तर कसेबसे म्हणाले.

प्रत्येक फेरीला ते चिमणीसमोरून जात होते आणि प्रत्येक वेळी धापा टाकत एकच सांगत होते, "मार." ती हलली नाही. सातव्या फेरीला त्यांनी बरगडीला हात लावला. भिंतीशी, खांब जिथे वाकली होती तिथेच, ते वाकले, पुन्हा सरळ झाले आणि वळले. खांब दारातून पुढे झाली, पण मास्तरांच्या बायकोनं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

आठवी फेरी अर्धी झाली होती. मागून आवाज आला. टप.

मास्तर थांबले नाहीत. बऱ्याच वेळानं पुन्हा, टप. मग लागोपाठ दोन, तीन. ते भिंतीला हात टेकून उभे राहिले आणि वळून पाहिलं, तर चिमणी मधल्या रेषेवर गेली होती आणि तिथून टप्पे मारत एकटीच येत होती, जमिनीकडे बघत, एकेक टप्पा मोजूनमापून, जणू फरशी दुखेल. काका दिवे बंद करायला बटणापाशी उभे होते, पण त्यांनी हात लावला नाही.

पांढऱ्या रेघांवरून चेंडू पुढे येत राहिला. मास्तर बघत होते. या वेळी ते आकडे मोजत नव्हते.