पाटील मॅडम पेशंट व्हायच्या

चंद्रावती पाटील मे महिन्यात गेल्या. जुलै उजाडला तरी त्यांच्या नवऱ्याच्या, महादेव पाटलांच्या तोंडचा एक प्रश्न काही हटत नव्हता. जेवता जेवता घास हातात तसाच धरून ते मुलीला विचारायचे, "स्नेहल, तिला समजलं नसंल ना गो?"

"नसेल, बाबा," स्नेहल म्हणायची. ते पुन्हा जेवायला लागायचे. दुसऱ्या दिवशी प्रश्न परत ताटावर.

चंद्रावती नवीन पनवेलच्या एका नर्सिंग कॉलेजात मेडिकल-सर्जिकल नर्सिंग शिकवायच्या. कुठल्या आजाराच्या पेशंटमध्ये काय बघायचं, ऑपरेशननंतर कशावर डोळा ठेवायचा, हे सांगण्यात त्यांचा जन्म गेला. आणि त्या गेल्या हार्ट अटॅकनं, मुलाच्या लग्नाच्या दिवशी सकाळी, दारातल्या मांडवात. अटॅक आदल्या संध्याकाळीच सुरू झाला असणार, असं डॉक्टर म्हणाले. आदल्या संध्याकाळी निकेशची हळद होती.

लग्न राहिलं ते राहिलंच. नवरीकडची माणसं दोनदा येऊन बसून गेली. निकेश नुसता "बघू" म्हणायचा आणि कळंबोलीला कामावर निघून जायचा. एकदाच तो बहिणीजवळ बोलला होता. "आई माझ्या हळदीपायी गप्प बसली असेल, तर मी पुन्हा अंगाला हळद लावून घेणार नाय. तू शोधून काढ, ताई. तू शिकलेली आहेस."

स्नेहल पुण्याच्या एका ग्रंथालयात नोकरीला होती; आई गेल्यापासून रजा घेऊन घरीच राहिली होती. पुष्कळ वाचलेलं होतं तिनं, पण त्यातलं काही आता कामाचं नव्हतं. आईचं कपाट रिकामं करून द्या, असा कॉलेजातून निरोप आला, तेव्हा ती लगेच निघाली. तिथल्या कुणाला तरी विचारता येईल, असं मनात होतं.

कपाटात जास्त काही नव्हतं. चपला, एक जादा पांढरी साडी, स्टेथोस्कोप, पाऊण भरलेली बडीशेपेची बाटली. चंद्रावतींच्या जागी आलेल्या रमा मॅडम पिशवी धरायला मदत करत होत्या. शेजारच्या प्रात्यक्षिकाच्या खोलीत मुली दंगा करत होत्या. तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला, "काय नाय गो पोरी, दात ठणकतोय जरासा. पित्त झालंय. जा तुमी, तुमची कामं करा."

स्नेहलच्या हातातली बाटली तशीच राहिली. बोलणं आईचं होतं. आवाज कुणा पोरीचा.

ती दारात जाऊन उभी राहिली. खाटेवर शेवटच्या वर्षाची कोमल डोक्यावर ओढणी घेऊन, गालाला हात लावून पडली होती. रबराचा पुतळा भिंतीला टेकवून ठेवलेला. स्नेहलला बघताच कोमल धडपडत उठली.

"ताई, सॉरी. आम्ही मॅडमची टिंगल नव्हतो करत. परीक्षा आहे ना आमची."

"माहीत आहे. पण हे काय चाललंय?"

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. मग कोमलच बोलली. "मॅडम पेशंट व्हायच्या, ताई. पुतळ्यावर शिकवायच्या नाहीत. आम्ही त्याला शांती म्हणतो, कधी तक्रार करत नाही म्हणून. मॅडम म्हणायच्या, शांती खोटं बोलत नाही, पेशंट बोलतो. मग स्वतः झोपायच्या या खाटेवर, आणि अशा खोटं बोलायच्या की बस! कधी ऑपरेशन झालेली बाई व्हायच्या. पोट फुगलेलं असायचं आणि आम्हाला सांगायच्या, मला भूक लागलीय, भाकर द्या. आम्ही हो म्हटलं की संपलो."

"आणि हे दाताचं?"

"हे मॅडमचं आवडतं होतं. डायबेटिस असलेली, पन्नाशी उलटलेली बाई. छातीत दुखतच नाही तिच्या. जबडा दुखतो, घाम येतो, जीव घाबरा होतो, मळमळतं, आणि ती म्हणते पित्त. एकदा आमच्या वर्गातल्या प्रितेशनं त्यांना लवंग आणून दिली." कोमलला हसू आलं आणि तिनं ते आवरलं. "मॅडम म्हणाल्या, 'वा रे डाक्टर! आता माझ्या तेराव्याला पण तूच वाढ.'"

स्नेहल हसली नाही. आईलाही डायबेटिस होता, आणि हळदीच्या संध्याकाळी आईला लवंग तिनंच दिली होती.

घर पाहुण्यांनी गच्च होतं. धवलारीण लग्नाची गाणी गात होती, परसात मटणाची पातेली चढली होती, अंगणात डीजे लावायची घाई चालली होती. आई स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याला टेकून जमिनीवर बसली होती. घामानं ब्लाउज भिजलेला. पण मेमध्ये कुणाचा भिजत नव्हता? "काय होतंय?" असं स्नेहलनं विचारलं. आई म्हणाली, दात. स्नेहलनं लवंग दिली, मग कोकमाचं सरबत करून दिलं आणि जाता जाता विचारलं, "बरं वाटतंय ना आता?" आई म्हणाली, "हो गं, जा तू, करवल्यांकडे बघ."

"मग तुम्ही काय विचारायचं असायचं?" तिनं कोमलला विचारलं.

"बरं वाटतंय का, हे तर विचारायचंच नाही. त्याला सगळे हो म्हणतात. मॅडम म्हणायच्या, गेल्या आठवड्यात जे सहज करत होता ते आज करता येतंय का, ते विचारा. विहिरीवरून हंडा आणताना मधे टेकावं लागलं का? मग हात हातात घ्या. गार आहे का, ओला आहे का बघा, नाडी बघा. तोंडानं खोटं बोलता येतं, हातानं नाही. आणि ईसीजी काढल्याशिवाय पेशंटला घरी सोडायचं नाही, मग तिनं कितीही शिव्या दिल्या तरी."

रमा मॅडम मागे येऊन उभ्या होत्या. स्नेहलचा चेहरा बघून त्या म्हणाल्या, "कोमल, पुरे. स्नेहल, तू चहा घे. अगं, स्वतःचं दुखणं स्वतःला कळत नाही. आम्हा नर्सेसना तर मुळीच नाही. आम्ही बिछान्याच्या दुसऱ्या बाजूला कधी उभ्याच राहिलेल्या नसतो."

स्नेहलला ते पटवून घ्यायचं होतं. हेच ऐकायला ती आली होती. पण रमा मॅडम बोलत असतानाच तिला स्वयंपाकघर पुन्हा दिसलं. आई डब्याला टेकलेली. पदराखाली तिच्या उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर होती, आणि नजर समोरच्या भिंतीवरच्या घड्याळावर. पंगतीची वेळ बघतेय, असं स्नेहलला वाटलं होतं. "उशीर होतोय का?" असंही ती म्हणाली होती. त्यावर आई म्हणाली होती, "निकेशला हळद लागलीय. तो आता उंबऱ्याबाहेर पडायचा नाही. उद्या वरात निघू दे, मग बघू."

मग काय बघू, हे स्नेहलनं विचारलं नाही. बाहेर कुणीतरी करवल्यांना हाक मारत होतं.

हळद लागलेल्या नवऱ्याला घराबाहेर काढत नाहीत. आई दवाखान्यात जायला गाडीत बसली असती तर निकेश हळदीच्या अंगानं मागे धावला असता, लग्न मोडलं असतं, आणि दोन्ही गावांत बोभाटा झाला असता. आईनं नाडी मोजली, हिशेब केला, आणि एक रात्र निभेल असं धरलं. विद्यार्थिनीनं असा हिशेब केला असता तर आईनं तिला नापास केलं असतं.

"ताई, मॅडमना कळलं असेल का हो?" कोमलनं हळूच विचारलं. तिलाही 'नाही' एवढंच ऐकायचं होतं, हे स्नेहलला तेव्हा उमगलं.

"तुमच्या परीक्षेला शुभेच्छा," ती म्हणाली आणि पिशवी घेऊन निघाली.

घरी बाप-लेक जेवायला बसले होते. भाताचं भांडं मधे. महादेवांनी वर पाहिलं. "गेलती ना कॉलेजात? काय बोलले तिथं?"

निकेश ताटाकडे बघत होता. घास कालवून तयार होता, पण तो उचलत नव्हता.

"विचारलं मी," स्नेहल म्हणाली. "असा अटॅक कळत नाही, बाबा. डायबेटिसवाल्यांना छातीत दुखत नाही. आईला पित्तच वाटलं."

"नक्की?" निकेशनं विचारलं.

"नक्की."

निकेशनं घास तोंडात घातला. मग दुसरा. कालवणाची वाटी पुढे करत म्हणाला, "ताई, वाढ जरा." बऱ्याच दिवसांनी त्यानं काही मागून घेतलं होतं.

महादेवांनी मोठा सुस्कारा सोडला. त्यांचा चेहरा सैल झाला, आणि बायको जिवंत असताना ते जसे तिची खोडी काढायचे तसे बोलले, "बघ! जन्मभर पोरींना शिकवत होती, आन् घरचा आजार वळखता नाय आला. कसली गो ही मास्तरीण!"

निकेश हसला. स्नेहलनं कालवण वाढलं. आईला सगळं येत होतं, हे वाक्य तिच्या जिभेवर आलं होतं, ते तिथंच ठेवून ती म्हणाली, "भात घ्या, बाबा. गार होतोय."