फेरमूल्यांकनाचा तिसरा अर्थ

कम्युनिस्ट राजवट कोसळल्यावर चेक देशातल्या ब्रनो शहरातल्या शब्दकोश कार्यालयात झ्दिस्लावा कालाबोवा वीस वर्षांनी परत कामावर आली, तेव्हा ओटाकार व्रबकाने स्वतः उठून तिला खुर्ची दिली. "आभारी आहे, डॉक्टर," ती म्हणाली. पूर्वी ती त्याला पदवी न लावता 'अरे ओटाकार' म्हणायची. मधली वर्षं तिने डेअरीत बाटल्या धुतल्या होत्या.

रशियन रणगाडे देशात घुसले त्याला तीन वर्षं झाली असतील, तेव्हा कार्यालयात प्रत्येकाच्या पक्षनिष्ठेची छाननी निघाली. झ्दिस्लावाबद्दल चार ओळी लिहून द्या, असं ओटाकारला वरून सांगण्यात आलं. त्याने दिल्या. महिनाभरात तिला काढलं आणि तो विभागप्रमुख झाला. त्या ओळी कोणाच्या, हे तिला ठाऊक नसणार, अशी त्याने मनाची समजूत घातली होती.

मे महिन्यात 'फेरमूल्यांकन' हा शब्द दोघांच्या वाट्याला आला. ओटाकारने दोन अर्थ लिहिले: किंमत नव्याने ठरवणं आणि आपलं मत पुन्हा तपासून पाहणं.

"वापराचं उदाहरण हवं," तो म्हणाला. "एखाद्या जुन्या चित्राचं घेऊ या?"

"माझ्याकडे आहे की एक, माझ्याच जुन्या सरकारी फायलीतलं. 'कॉम्रेड कालाबोवा यांच्या योग्यतेचे फेरमूल्यांकन होणे आवश्यक आहे.' साल एकाहत्तर. लेखकाचं नाव तुम्हीच घाला."

ओटाकारचे कान तापले. "मला वाटलं होतं, फार तर तुझी दुसऱ्या विभागात बदली करतील."

"खरंच वाटलं होतं?"

त्याला वाटलं वगैरे काही नव्हतं. कागद टाइप करून तो घरी गेला होता आणि बायकोने केलेले बटाट्याचे पॅनकेक त्याने दोनदा मागून खाल्ले होते.

"नाही," शेवटी तो म्हणाला. "तुझा विचारच केला नव्हता."

"मग तिसरा अर्थ लिहा."

त्याने लिहिलं: 'सरकारी भाषेत, एखाद्याला कामावरून काढणं.' खाली तिचं वाक्य, साल आणि स्वतःचं पूर्ण नाव. तिने नोंदीची चिठ्ठी वाचली, एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि परत दिली.

संपादक मंडळाच्या बैठकीत नोंदी मोठ्याने वाचल्या जात. अकरा माणसांसमोर ओटाकारला आपलं नाव आपल्याच तोंडाने वाचावं लागलं. कोणीतरी खोकलं. सगळ्यात तरुण संपादिकेने विचारलं, "म्हणजे हे व्रबका, तुम्हीच?"

"मीच."

मान वर करायची त्याची हिंमत झाली नाही. मंडळाने तिसरा अर्थ ठेवला. लेखकाचं नाव कोशात छापत नाहीत, म्हणून ते गाळलं. त्यामुळे ओटाकारला हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याची जास्तच शरम वाटली.

जेवणाच्या सुट्टीत त्याने झ्दिस्लावासाठी आपल्या शेजारची जागा धरून ठेवली. ती ताट घेऊन आली, जरा थांबली.

"जेवा, डॉक्टर. सूप गार होतंय," एवढं म्हणून ती पलीकडे टंकलेखिकांच्या टेबलावर जाऊन बसली.