नूतनचे नाव मी पुसले

मी एक जुना घरगुती संगणक आहे. नरपडला, चिकूच्या वाडीतल्या एका घरात, पुढच्या खोलीतल्या टेबलावर मी अकरा वर्षे काढली. मित्रांनो, माझ्यासारखी जुनी यंत्रे बोलू लागली की धुळीचे आणि अडगळीचे रडगाणे गातात. मला तसले काही सांगायचे नाही. मला राग आला आहे, आणि तोच मी सांगणार आहे.

मला डहाणूच्या बाजारातून तात्यांनी आणले. त्यांची मुलगी नूतन तेव्हा शिक्षिका होण्यासाठी शिकत होती. खोके तिनेच फोडले, वायरी तिनेच जोडल्या. मी नाव विचारले, तेव्हा पहिले नाव तिने स्वतःचे टाकले. मग धाकट्या भावाचे, जतीनचे खाते केले, मग तात्यांचे. आई हिरकणी म्हणाली, "मला कशाला? मी काय लिहिणार त्यात?" म्हणून तिचे राहिले. ज्याने त्याने आपल्या नावावर टिचकी मारून पासवर्ड टाकायचा, की ज्याची त्याची खोली उघडते. दुसऱ्याच्या खोलीत डोकावता येत नाही. फक्त जो ॲडमिन असतो, म्हणजे माझा कारभारी, तो कुणाचेही खाते उघडू किंवा मोडू शकतो. कारभारीण नूतन होती. इतक्या वर्षांत तिने कुणाचे काडीएवढेही पुसले नाही.

पुढे नूतनला तलासरीकडच्या एका आश्रमशाळेत नोकरी लागली. पहिलीची मुले घरी वारली बोलत आणि पुस्तक मराठीत. मुले गप्प बसून राहत. म्हणून दर शनिवारी घरी आली की ती माझ्यावर पाने तयार करी. वर चित्र, खाली मुलांच्या घरचा शब्द, त्याखाली पुस्तकातला शब्द. शब्द मुलांनीच दिलेले. धाकल्या नावाच्या मुलाने पाखरे सांगितली, बारकी नावाच्या मुलीने ओहोळातले खेकडे आणि मासे. ही बारकी वर्गात तोंड उघडत नसे. पण नूतनच्या मोबाइलसमोर एकदा बोलू लागली ती थांबेचना. तब्बल चाळीस शब्द. ते रेकॉर्डिंग नूतनने मोबाइलमधून काढून माझ्यात ठेवले. दिवाळीनंतर बारकीचे आईबाप तिला घेऊन वीटभट्टीवर गेले, ते पुन्हा दिसले नाहीत.

पुढच्या मे महिन्यात नूतनचे लग्न झाले, सासर वरोरचे. जाताना तिने ॲडमिनचे अधिकार जतीनला दिले, प्रिंटर अडला तर तात्यांची अडचण नको म्हणून. पाने माझ्यातच राहिली. घरात ठेवलेली वस्तू कुणी पिशवीत घालून हिंडते का?

आमच्याकडे मुलीचे लग्न झाले की माहेरच्या रेशनकार्डावरून तिचे नाव कमी करतात, म्हणजे ते सासरच्या कार्डावर चढवता येते. त्या कामासाठी जतीन एका सकाळी डहाणूला कचेरीत गेला. येताना फोटोवाल्याकडून लग्नाच्या शूटिंगचा पेनड्राइव्ह घेऊन आला. शूटिंग भलेमोठे आणि माझ्यात जागा थोडी.

"नूतनचं काढून टाकतो," जतीन म्हणाला. "कार्डावरचं काढलं, मग इथलं कशाला ठेवायचं?"

"काढ की," तात्या पेपरातून म्हणाले. "ती काय आता इथे बसणार आहे?"

आता नीट ऐका, मित्रांनो. मी न विचारता पुसले नाही. या खात्यातल्या फाइली ठेवायच्या की पुसायच्या, असे मी मोठ्या अक्षरांत विचारले. जतीनने वाचले नाही. त्याने 'पुसा'वर टिचकी मारली. मी पडलो हुकमाचा ताबेदार, मी पुसले. जतीनचा राग येतोच, पण स्वतःचा त्याहून जास्त येतो. मग रिकाम्या झालेल्या जागेत त्याने लग्नाचे शूटिंग भरले.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी नूतन पाने छापायला आली. पडद्यावर दोनच नावे दिसली. तिने पदराने काच पुसून पुन्हा पाहिले.

"जतीन, माझं नाव कुठंय?"

"तुझं आता तिकडे ना," तो हसत म्हणाला. "शूटिंग बघ, मस्त आलंय."

"माझी पानं होती त्यात."

"मला काय माहीत? पेनड्राइव्हवर घ्यायची ना मग."

"एवढं काय त्यात, परत बनव," तात्या म्हणाले.

"आणि बारकीला कुठून आणू?"

बारकी कोण, हे कुणाला माहीत नव्हते आणि कुणी विचारलेही नाही. नूतनने माझी वायर उपटली. पुसलेले लगेच नाहीसे होत नाही, त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत ते तळाशी पडून असते, हे तिला ठाऊक होते.

"घरचा कॉम्प्युटर आहे, कुठे नेतेस?" जतीनने विचारले.

हिरकणी स्वयंपाकघरातून बाहेर आली. "तिच्यासाठीच आणलेला तो. रिक्षा बोलाव जा."

डहाणूला मुकेश नावाच्या दुरुस्तीवाल्याने मला चार दिवस उघडून ठेवले. बासष्ट पानांपैकी सदतीस मिळाली. रेकॉर्डिंग मिळाले नाही. "त्या जागेवर मोठा व्हिडिओ बसलाय, ताई," तो म्हणाला. कुठला व्हिडिओ, हे नूतनने विचारले नाही. तिच्याच लग्नाचा होता.

परत आल्यावर नूतनने जतीनकडून पासवर्ड घेऊन आपले खाते पुन्हा उघडले आणि आईला माझ्यापुढे बसवले. हिरकणीने एका बोटाने स्वतःचे नाव टाकले. ॲडमिन आता ती. जतीनला काहीही बसवायचे वा काढायचे असेल तर मी हिरकणीचा पासवर्ड मागतो. ती हात पुसत येते, माझा प्रश्न एकेक अक्षर लावून मोठ्याने वाचते आणि विचारते, "यात कुणाचं काय जाणार नाही ना?" अकरा वर्षांत माझा प्रश्न पुरता वाचणारी ती पहिली. मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखा एखादा असेल. त्यातले एखादे नाव तुम्हाला रिकामे, उगाच अडवून बसलेले वाटेल. टिचकी मारण्याआधी त्या माणसाला विचारा.

हिरकणी पहिल्यांदा माझ्यापुढे बसली, त्याच दिवशी तिने नूतनला विचारले, "ती बारकी कोण गं?" नूतनने सगळे सांगितले. मग हिरकणीने आणखी एक खाते उघडायला लावले आणि नाव स्वतः टाकले.

परवा जतीनने पडदा पाहून विचारले, "आई, ही बारकी कोण? रिकामंच आहे, काढू?"

मी पासवर्ड मागितला. हिरकणी आली, तिने प्रश्न वाचला आणि म्हणाली, "नाही. ती आली की बसेल."