लाल झग्यावरचं नाव

संताजीला पडायचं वावडं नव्हतं. तेवीस वर्षं तो पडूनच पोट भरत होता. कन्नड सिनेमात तो लग्नाच्या मांडवात पडला, गोठ्यात पडला, डोशाच्या पिठाच्या पातेल्यात तर बुडासकट बसला. बंगळूरच्या जयनगर बाजारात पोरंटोरं 'बोंडा मंजा' या त्याच्या सिनेमातल्या गाजलेल्या नावानं हाका मारत, आणि तो खुशाल थांबून गाल फुगवून दाखवी. "राज्याचा बॉक्सिंग चॅम्पियन, आणि काय ही दशा!" असं हळहळणाऱ्या नातेवाइकांना तो हिंग लावूनही विचारत नसे. चार माणसं हसवायला किती अक्कल लागते, हे त्यांना कोण सांगणार?

रिंगमधली गोष्ट मात्र वेगळी. तिथं सत्तावन्न लढती झाल्या. काही तो गुणांवर हरलाही. नाक मोडलं, भुवई फाटली, पण गुडघा एकदाही जमिनीला टेकला नाही.

दोन वर्षं घरी बसल्यावर त्याला अर्णवचा फोन आला होता. पुण्याहून आलेल्या आयटीवाल्या आईबापांचा हा मुलगा व्हाइटफील्डमध्ये वाढलेला, आणि दिग्दर्शक म्हणून त्याचा हा पहिलाच सिनेमा. संताजीला त्यानं नायकाच्या खादाड, विसराळू गुरूचं काम दिलं, तेही सुरुवातीपासून शेवटपर्यंत. हे हातचं गेलं तर साठीच्या विनोदी नटाला पुन्हा कोण बोलावणार? संताजीला याचा धसकाच होता.

शूटिंगच्या चौदाव्या दिवशी, गोदामात उभारलेल्या रिंगपाशी, अर्णवनं त्याच्या हातात लाल रेशमी झगा ठेवला. पाठीवर सोनेरी अक्षरं होती: 'संताजी. सत्तावन्न लढती. कधीच न पडलेला.'

"हे काय रे?"

"सरप्राइज, अण्णा!" अर्णव भलताच खूश होता. "तुमचा रेकॉर्ड जुन्या पेपरात सापडला. गुरूला अजून नावच नव्हतं ना? आता तुमचंच खरं नाव. आणि आपल्या हीरोच्या, ध्रुवच्या एका पंचमध्ये तुम्ही फ्लॅट! ट्रिब्यूट आहे हा."

"मंजा म्हणून शंभरदा पडतो. या नावानं नाही."

"अहो, सिनेमा आहे. खरं थोडंच आहे?" म्हणत अर्णव कॅमेऱ्याकडे गेलासुद्धा.

संताजीनं झगा चढवला, ग्लोव्हज बांधून घेतले. फाइट मास्तर परसू त्याचा जुना दोस्त. या धंद्यातली रीत सोपी असते. ठोसा जबड्यापासून वीतभर लांबून जातो, मास्तर टाळी वाजवतो आणि टाळीवर नट पडतो. आवाज मागाहून भरतात. परसूची टाळी संताजीनं आजवर कधी चुकवली नव्हती.

नायक झालेल्या ध्रुवनं हात फिरवला. टाळी वाजली. संताजी उभा.

दुसऱ्यांदाही उभा, तिसऱ्यांदाही. परसू धावत आला. "कान गेले काय रे?"

"ऐकू आली टाळी."

"मग?"

"पाय ऐकत नाहीत."

पाचव्या वेळी सगळं युनिट कुजबुजत होतं. ध्रुवचा पारा चढला आणि त्यानं खरंच मारलं. ठोसा जबड्यावर बसला, संताजीचा ओठ फुटला. त्याची मान जरा वळली आणि जागेवर आली.

"चांगला होता," संताजी म्हणाला. "खांदा आणखी स्वल्प फिरव."

अर्णव दोरापाशी आला. "अण्णा, शेवटचं विचारतो. पडणार की उद्या दुसरा माणूस आणू?"

संताजीला बायको आठवली. घरी सोयराबाईला काय सांगायचं? पण भीतीपेक्षा राग मोठा निघाला.

"आण! माझ्यापुढं जे पडले ना, ते टाळीवर नव्हते पडले. एकाचा डोळा कायमचा अधू झाला. दर दसऱ्याला जातो मी त्याच्या घरी. या नावानं मी इथं लोळलो, तर त्यानं डोळा कशासाठी घालवला? सांग की!"

अर्णव खाली मान घालून उभा राहिला.

संताजीनं झगा काढायला घेतला. ग्लोव्हज अस्तनीत अडकले, तो स्वतःभोवती दोनदा फिरला. कसाबसा सुटल्यावर त्यानं झगा उलटा केला. आता बाहेर मळकट अस्तर आणि लोंबणारे दोरे. तोच अवतार चढवून त्यानं गाल फुगवले. आधी लाइटवाले फिदीफिदी हसले, मग ध्रुवलाही आवरेना.

"हा मंजा," संताजी म्हणाला. "सरी, चल, मार आता."

परसूनं टाळी वाजवली. मंजा दीड गिरकी घेऊन दोरावर बसला, उसळून पुढं आला, हवेतल्या कुणाला तरी नमस्कार केला आणि लाकूड कोसळावं तसा आडवा झाला. अर्णव हसताहसता 'कट' म्हणायचं विसरला.

"शॉट कमाल आहे, अण्णा. हाच ठेवतो," तो डोळे पुसत म्हणाला. "पण पोस्टरवर तर 'संताजी पडला' असंच टाकायचं ठरलं होतं..."

ध्रुवनं पुढं केलेला हात न घेता संताजी उठला. ओठावरचं रक्त त्यानं मनगटानं पुसलं.

"मंजा पडला म्हणून लिही. संताजीचं कुणी विचारलं, तर उभा आहे म्हणून सांग."