अमरसिंहाचं नाक

अमरसिंह डोळे मिटून मेणात शिल्प घडवतो, असं पेपरात छापून आलं. फोटोसकट. ‘हात नेणिवेचा, शिल्पकार निमित्तमात्र.’ मद्रासच्या अड्यारला आमची शेड एकच, मधे ताडपत्रीचा पडदा. पडद्याअलीकडे मी वीस वर्षं नारळाच्या झावळीची पट्टी दुमडून मापं घेतोय. चेहरा एवढा, नाक त्याचा तिसरा हिस्सा. निमित्तमात्र व्हायला मला सवडच मिळाली नाही.

ते साल एकोणऐंशी. दिल्लीच्या प्रदर्शनाला मद्रासहून एकच शिल्प जायचं होतं. त्याचं किंवा माझं.

मग एका दुपारी मीही पट्टी बाजूला ठेवली, डोळे मिटले आणि हात मोकळे सोडले. मधूनमधून उघडावे लागले. नेणिवेला मेणाचा गोळा सापडत नव्हता.

डोकं तयार झालं. कृष्णवेणी, म्हणजे आमची बायको, फिल्टर कापीचा टंबलर ठेवता ठेवता थबकली.

“अय्यो! अहो, हे तर अमरसिंहभाऊजी!”

“कशावरून?”

“नाक बघा की. केवढ्या मायेनं केलंय!”

नाक खरवडलं. दुसरं केलं, तेही त्याचंच. तिसरं पट्टी लावून शास्त्रानुसार केलं. पट्टी काढली तर अमरसिंह हसत होता. वीस वर्षं पडद्याच्या फटीतून त्याच्याकडे कोण येतं, तो कशाला हसतो, हेच पाहत आलो होतो. स्वतःचं नाक कसं आहे, मला आरशाशिवाय सांगता आलं नसतं.

मुदत संपत आली होती. तसंच पितळेत ओतलं. अर्जात शिल्पाचं नाव विचारलं होतं. खरं लिहिलं तर दिल्लीला तोच गेला असता. मी लिहिलं, ‘स्वतः’.

नुंगंबाक्कमच्या हॉलमध्ये निवड समिती आली. अध्यक्ष सीतालक्ष्मीबाई बराच वेळ शिल्पासमोर उभ्या राहिल्या. “इतक्या निर्दयपणे स्वतःकडे पाहणारा माणूस मी पाहिला नाही,” म्हणाल्या. अमरसिंह तिथेच शेजारी उभा होता. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. कलेचे जाणकार माणसांकडे सहसा पाहत नाहीत.

माझी निवड झाली.

अमरसिंह पितळी नाकाला नाक लावून पाहत होता.

“रंगा, तुझ्यासारखं नाही वाटत रे.”

“नाही?”

“हा कुणीतरी सुखी माणूस आहे.”

मग त्यानं मला मिठी मारली. अगदी मनापासून. एवढं सोडून बाकी सगळं मी त्याला माफ केलं असतं.