देवाच्या नावची बॅटरी

लीलाबाईंच्या देवघरात देवांच्या शेजारी एक बॅटरी बसलेली असायची. दत्तजयंतीच्या सप्त्यात वीज हमखास जायची, म्हणून गावानं भोंग्यासाठी ती घेतली आणि वर्षभर सांभाळायला लीलाबाईंकडं दिली. त्यांच्यासारखं सोवळं गावात दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं. सोमवार, एकादशी, चातुर्मासात एकवेळ जेवण; बोलणंही मऊ, पानावरनं पाणी ओघळावं असं. बॅटरीला त्यांनी धुतलेलं धोतर गुंडाळलं होतं. रोज हळदीकुंकू वाहत होत्या.

पलीकडच्या घरचा हरिबा पलटणीतनं पेन्शनवर आलेला. लिलावातली जुनी जीप चालवायचा; आष्ट्याच्या बाजाराला माणसं, शेरडं, मिळेल ते न्यायचा. उन्हाळ्यात त्यानं दारात येऊन सांगितलं, बॅटरी अशी ठेवू नका, महिन्याकाठी जीपवर लावून भरून देतो. लीलाबाईंना जीपमधल्या लेंड्या आठवल्या.

"नगं रं हरिबा. वापरलीच न्हाई तर सरंल कशी? कणगीतलं दाणं बसल्या जागी कमी व्हत्यात व्हय?"

"कणगीलाबी उंदीर असत्यात, आक्का," हरिबा हसला नि गेला.

श्रावणात एका सोमवारी, भरदुपारी, त्याची बायको मनुबाई पावसातनं धावत आली. सून विजयमाला अडली होती. सुईणीनं हात टेकले होते. इस्लामपूरला न्यावं तर जीपचीच बॅटरी बसलेली. हँडल मारून हरिबाच्या हाताला फोड आले होते, ढकलावं तर चाकं चिखलात रुतलेली.

"आक्का, देवाची बॅटरी घटकाभर द्या. जीप लागली की आणून देते."

लीलाबाई पूजेला बसल्या होत्या. उंबऱ्यावर चिखलाचे पाय बघून त्यांनी पदर सावरला.

"देवाच्या नावची हाय ती, मनु. तिकडं खर्ची पडली तर गावाला काय सांगू? महादेवाला बेल वाहते. तू घोर करू नगंस."

मनुबाई तशीच माघारी फिरली. हरिबानं बैलगाडी जुंपली. वाटेत ओढ्याच्या काठाला, पोत्याच्या आडोशाला विजयमाला बाळंत झाली. पोरगी निळी पडली होती. सुईणीनं पाठीवर थापट्या मारून मारून तिला रडवलं. मायलेकी वाचल्या. माझा बेल कामी आला, असं लीलाबाईंनी शेजारणींना सांगितलं.

मार्गशीर्षात सप्ता बसला. कीर्तन रंगात आलं आणि वीज गेली. लीलाबाईंनी स्वतः बॅटरी आणून पुढ्यात ठेवली. तारा जोडल्या, पण भोंगा मुका तो मुकाच. शेवटी हरिबाला बोलावलं. त्यानं वरचं कुंकू झटकलं, टोपणं उघडली, आत डोकावला.

"पाणी आटलंय, पाट्या पांढऱ्या पडल्यात. बॅटरी न वापरताबी उतरती, आक्का. उतरली की भरायची, वापरायची, पुन्ना भरायची, त्यातच तिचा जीव. रिकामी बसवून ठेवली की गेली कामातनं."

"कवा गेली आसंल?" लीलाबाईंनी विचारलं.

"पावसाळ्याआदीच."

नात मांडीवर घेऊन मनुबाई पुढंच बसली होती. तिच्या आवाजात टोमणा नव्हता.

"मग जिवाला लावून घेऊ नगासा, आक्का. त्या दिवशी दिली असती तरी जीप काय लागली नसती."

बायकांनी माना हलवल्या. बॅटरी न दिल्याचा लीलाबाईंवरचा बोल भरल्या मंडपात पुसला गेला. त्यांना मात्र मान वर करवेना. बॅटरी रिकामी होती खरी. पण नाही म्हणताना त्यांनी ती भरलेलीच धरली होती. भरलेली धरून नाही म्हणाल्या होत्या. आणि ती रिकामी राहिली तीही त्यांच्याच हट्टानं. हे मनुबाईला ठाऊक नव्हतं, की ठाऊक असूनही ती झाकत होती, कोण जाणे.

भोंग्याविनाच कीर्तन पुढं चाललं. ऐकू यावं म्हणून माणसं दाटीवाटीनं पुढं सरकली आणि त्या गर्दीत मनुबाईनं नात लीलाबाईंच्या मांडीवर ठेवली. थोड्या वेळानं मांडी ओली झाली. सोवळ्याचं लुगडं होतं. लीलाबाई उठल्या नाहीत. आरतीपर्यंत तशाच बसून राहिल्या.

"बगा," मागनं एकजण म्हणाली, "केवढं मोठं मन बाईचं."

लीलाबाईंनी पोरीच्या टाळूवर पदर ओढला आणि आपलं तोंड आणखी खाली घातलं.