दिवा न मारलेला रस्ता

किटोंगाच्या घाटात बस दरीत गेली, ड्रायव्हर अंबाकिस्ये आणि त्याच्या गाडीतली माणसं गेली, त्याला वर्ष झालं. तरी बसमालक शिरीमाची जीभ काही थांबेना. चौकशीत हा गृहस्थ छातीवर हात ठेवून सांगून आला, "माझं वेळापत्रक चोख आहे. ड्रायव्हरच माजला होता." सरकारनं तेच लिहून घेतलं. तेव्हापासून तुलिनाग्वे, सगळ्यांची तुली, बाजारात दिसली की बायका कुजबुजायच्या, ही त्या खुन्याची बायको.

आणि चोख म्हणजे कसं? पहाटे म्बेयाहून निघायचं, दिवस मावळायच्या आत दारेसलाम! उशीर झाला की दुसऱ्या दिवशी किल्ली दुसऱ्याच्या हातात.

तुली इरिंगाच्या बस थांब्यावर ड्रायव्हर लोकांना भात-घेवडा वाढायची. तिथंच वाहतूक खात्याच्या मसावे बाई जेवायला आल्या तेव्हा तिनं त्यांना गाठलं.

"मी काय करू, तुली?" बाई वैतागून म्हणाल्या. "नाकाबंदी लावली की समोरच्या गाड्या दिवा मारून सांगतात, आणि शिरीमाची बस गोगलगाय होऊन येते. धरला तरी ड्रायव्हरच धरला जातो. वेळेपायी पळवावी लागते, असं एकही जण बोलत नाही."

"बोलेल," तुली म्हणाली. "सणाच्या आदल्या दिवशी इलुलाला उभ्या राहा. घाटाच्या अलीकडे, सपाटीवर. घाटात आता कुणी मरायला नको."

मग तिनं लुसाजोला पकडलं. अंबाकिस्येचा जिवलग दोस्त, सगळे ड्रायव्हर त्याचं ऐकायचे. "वहिनी, आमचं पोट आहे गं," तो म्हणाला.

"त्याच्या मयताला खांदा दिलास ना? मग एक दिवस शिरीमाची गाडी कुणी हाकू नका, आणि समोरून दिवाही मारू नका. एवढंच."

सणाच्या आदल्या दिवशी शिरीमाच्या झाडून सगळ्या ड्रायव्हरांना एकदम मलेरिया झाला. बस प्रवाशांनी खचाखच भरलेली. शिरीमा चवताळला. "अरे, मी काय मेलोय? तुम्ही जन्मला नव्हता तेव्हापासून चालवतोय मी!" आणि स्वतःच स्टिअरिंगवर बसला.

इरिंगाला तुली चढली, थेट त्याच्या पाठीमागच्या बाकावर. त्यानं आरशात तिला पाहिलं आणि तोंड फिरवलं. बिचकला असावा, कारण गाडी बेतानं हाकू लागला. पण आमचे प्रवासी ते, गप्प बसतात थोडेच?

"काका, बस आहे का मयताची गाडी?"

"उतरून ढकलू का?"

तुली पुढे वाकली आणि त्याच्या कानाशी म्हणाली, "शेट, माझा नवरा एव्हाना इलुला ओलांडून जायचा."

झालं! शिरीमानं दाबला पाय. समोरून बसमागून बस येत होत्या. प्रत्येक ड्रायव्हर हात उंचावून अदबीनं सलाम करी. दिवा मात्र एकानंही मारला नाही. रस्ता मोकळा म्हणून शिरीमा सुटला, आणि इलुलाच्या वळणापाशी पांढऱ्या गणवेशातला पोलीस हात आडवा करून उभा.

मसावे बाई खिडकीशी आल्या. "काय शिरीमाशेट, माजलात होय?"

"माजलो कसला, बाई!" तो घामाघूम होऊन ओरडला. "ही वेळ गाठायची तर कुणीही असाच पळवणार! कायद्यानं गेलो तर मध्यरात्र होईल, मध्यरात्र!"

शिरीमाला आपण काय बोललो ते आत्ता कळलं. त्यानं ओठ चाटले. बाईंनी शांतपणे लिहायला घेतलं.

तुली उठून त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"पुन्हा बोल," ती म्हणाली. "या वेळी माझ्या नवऱ्याचं नाव घेऊन बोल."

शिरीमानं मागे वळून पाहिलं. मघाशी टिंगल करणारे सगळे त्याच्याकडेच बघत होते.

"अंबाकिस्येचा... दोष नव्हता," तो पुटपुटला.

"मोठ्यांदा," तुली म्हणाली. "शेवटच्या बाकावर ऐकू गेलं नाही."